वुकाशिनचे चार एमबी

वुकाशिनला जाऊन आज वर्ष झालं. सर्बियातल्या निश शहरातल्या आमच्या ऑफिसच्या रिवाजाप्रमाणे मी त्याच्या टेबलावर बिनसाखरेची कॉफी ठेवली आणि त्याच्या खुर्चीत बसलो. त्याचा संगणक आम्ही कधी बंद केलाच नव्हता.

मशीनची प्रत्येक हालचाल टिपणारा प्रोग्राम त्यानेच त्यावर बसवला होता. पण नोंदींना मेमरी फक्त चार एमबी. ती भरली, की नवी नोंद सगळ्यात जुनीला पुसून टाकायची. "वाढव की," म्हटलं की खेकसायचा, "विसरू दे रे तिला! सगळं लक्षात ठेवायला ती काय माझी सासू आहे?"

आज मी मर्यादा चौसष्टवर नेली.

"काका, म्हातारा वरून शिव्या घालेल हं," खिडकीपाशी उभी असलेली, ऑफिसातली सगळ्यात तरुण तियाना हसली.

नोंदी सरकू लागल्या. त्यांत कळफलकाचीही एक नोंद आली : दोनदा स्पेस, मग एंटर. ही वुकाशिनची खोड. एंटरआधी दोनदा स्पेस दाबल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. जुनी नोंद कुठे उरली असेल म्हणून मी हरखून वेळ पाहिली.

आत्ताची होती. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

मर्यादा पुन्हा चार झाली होती.

"राहू दे ना रे, एवढं तरी," मी पुटपुटलो आणि पुन्हा चौसष्ट लिहिलं. एंटरकडे बोट नेलं.

त्याआधीच स्पेसची पट्टी दोनदा आपोआप खाली दबली.