वजनगट

सगळ्या वजनगटांतल्या बॉक्सरांची एकच क्रमवारी लावायला पत्रकार जुन्या विजेत्याच्या घरी आला होता. म्हातारा रंगात येऊन एकेकाला वर चढवत, खाली उतरवत होता.

चहा घेऊन आलेल्या मुलीला पत्रकाराने विचारलं, "ताई, तुमच्या मते बाबांचा नंबर कितवा?"

"पहिला. बाकीचे आपल्या वजनाच्या माणसाशीच लढले. बाबांनी समोरच्याचं वजन कधी पाहिलं नाही. त्यांचा पहिला ठोसा खाल्ला तेव्हा मी अठरा किलोंची होते."

"तेव्हापासूनच तोंडाळ आहे," म्हातारा हसत म्हणाला.

पत्रकाराने मान खाली घालून काहीतरी लिहून घेतलं.

रविवारी पानभर मुलाखत आली. फोटोखाली ठळक चौकट होती : 'बाबांनी समोरच्याचं वजन कधी पाहिलं नाही, लेकीला सार्थ अभिमान.'