शेवटाआधीची गाडी

पडद्यावरच्या आईनं भिंतीतून हात आरपार घातला आणि नेमका तेव्हाच किशोर उठला.

"चला, सव्वादोनची गाडी चुकंल."

त्याची बायको आशा उठली, दोन्ही मुलं उठली. पिक्चरमधल्या घरात प्रत्येकाकडे काही ना काही शक्ती होती. बापाला गोळी लागत नव्हती, आई भिंतीतून जायची. आता बाप तुरुंगात अडकला होता आणि आई त्याच्यापर्यंत पोहोचतच होती. पण पाचला गाईंच्या धारा काढायच्या असतात, आणि त्या आशा काढते. आजवर नाशकातल्या थिएटरात एकाही पिक्चरचा शेवट तिनं पाहिला नव्हता.

सायखेड्याच्या एसटीत गावातले यादव गुरुजी भेटले. "शाळेतली पोरं या पिक्चरला आणावी म्हणतो. चांगलं काय, वाईट काय, दोन्ही सांगा."

"फायटिंग एक नंबर," किशोर म्हणाला. "पोरांची कामं झकास. हिंदीत डब केलाय, समजतो. फक्त बाईला उगाच लय पुढं केलंय. तेवढं नाय पटत."

"आणि शेवट?"

"शेवटी बाप भिंत फोडतो. सगळ्यांना खांद्यावर घेऊन बाहेर."

न पाहिलेला शेवट त्यानं बिनदिक्कत सांगून टाकला. धाकटा ललित तोंड उघडं टाकून बापाकडे बघत राहिला.

"म्हणजे तुमच्यासारखंच," गुरुजी हसले. "पुरात दोन्ही लेकरं खांद्यावर घेऊन घराच्या धाब्यावर चढला होता तुम्ही. शाल-नारळ मीच दिला."

किशोरनं लाजल्यासारखी मान खाली घातली. त्यात तो पटाईत होता.

आशाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा हा माणूस नाशकात टोमॅटो विकत होता आणि आला तो दुसऱ्या दिवशी, पाणी ओसरल्यावर. ललितला पाठीला बांधून, थोरल्या रूपालीला कमरेशी धरून शिडी चढली ती आशा. सत्काराचा चहाही तिनंच केला. घरातली गोष्ट चारचौघांत काढायची नाही म्हणून तेव्हा गप्प बसली. आता हा पिक्चरही घशात घालायला निघाला होता.

"तुम्ही शेवट पाहिला का?" तिनं विचारलं.

"त्यात काय पाहायचं? ठरलेलाच असतो."

"आणि पुरात कुठं होते तुम्ही?"

किशोर खिडकीबाहेर बघू लागला, तशी ती गुरुजींकडे वळली.

"गुरुजी, पोरं मी चढवली. हे नाशकात होते."

आशानं उठून घंटीची दोरी ओढली. कंडक्टर ओरडला, पण औरंगाबाद नाक्याच्या अलीकडे गाडी थांबली. तिनं मुलांचे हात धरले.

"कुठं चालली? गाईंचं कोण करील?"

"तुम्ही. पुरातून दोन लेकरं वाचवली ना, मग दोन गाई काय जड हायेत? मी येते सहाच्या गाडीनं."

गाडी गेली. तीनच्या खेळाला अजून वेळ होता. थोडं चालल्यावर रूपालीनं भीत भीत विचारलं, "आई, शेवटी खरंच बापानंच सगळ्यांना सोडवलं असलं तर?"

"तर तसं सांगू," आशा म्हणाली. "पण बघून सांगू."