काखेतला पट

थ्रासोसने मूठ कानाशी नेऊन खुळखुळवली आणि तिच्यावर हलकी फुंकर मारली. मुठीत काहीच नव्हतं. फासे मांडीवरच्या छोट्या पडद्यात होते आणि ते टाकायला एक बटण पुरत होतं.

"दाबा की, काका," नर्स एव्हान्थिया म्हणाली.

"थांब गं. नशिबाला ऐकू जायला नको?"

वॉर्डात लाकडी पटाला बंदी होती. सोंगट्यांच्या खटखटीने शेजारचे रुग्ण कुरकुरत. म्हणून तिने घरून हा हातात मावणारा खेळ आणला होता. त्यात पत्ते होते, बुद्धिबळ होतं, डॉमिनो होते. खुब्याचं हाड मोडून आलेल्या थ्रासोसला पट तेवढा हवा होता. आवाज बंद ठेवून दोघं रोज दुपारी एखादा डाव खेळत. उद्या तो घरी जाणार होता, म्हणून आजचा डाव तिने मुद्दाम भेटीच्या वेळेवर ढकलला. पेलिओनच्या डोंगरातून त्याची गावची मंडळी आली होती. कॉफीहाउसचा मालक आर्गीरिस आणि रोज तिथेच बसणारे दोघे म्हातारे, तीळ लावलेली पावाची कडी खात पलंगाभोवती बसले होते.

डाव मांडतानाच थ्रासोसने अट घातली होती.

"हरलीस तर हे डबडं काखेत घालून दारापर्यंत जायचं, पोरी. आमच्याकडे हरलेल्याच्या काखेत पट देतात. गावातून मिरवत घरी जा म्हणावं, आणि शिकून ये."

"आणि तुम्ही हरलात तर?"

आर्गीरिस हसला. "हा? याच्या काखेत आजवर काही गेलेलं नाही."

"थर्मामीटर सोडून," ती म्हणाली. सगळे हसले, थ्रासोससुद्धा.

पट गेला होता तो तिच्या वडिलांच्या काखेत. लहान असताना ती एकदा मिनासना, म्हणजे वडिलांना, जेवायला बोलवायला गावच्या त्याच कॉफीहाउसात गेली होती. जोडी, म्हणजे दोन्ही फाशांवर सारखा अंक, पडली तरच थ्रासोस जिंकणार होता. तिचे डोळे नेमके पटाच्या कडेइतक्या उंचीवर होते. फासे गडगडलेच नाहीत, त्याच्या बोटांतून नुसते घसरले. सहा-सहा. वाटेत तिने जे पाहिलं ते वडिलांना सांगितलं. "गप्प बस," ते म्हणाले. मागून थ्रासोस ओरडत होता, "पाडू नकोस रे, मिनास! अजून चढ बाकी आहे." सगळं कॉफीहाउस हसत होतं. वडील पुन्हा कधी तिथे गेले नाहीत.

आता थ्रासोसच्या तीन सोंगट्या उरल्या होत्या, तिच्या दोन. एका दानात दोनच सोंगट्या बाहेर निघत, जोडी पडली तर चार; आजही त्याला जोडीच हवी होती.

त्याने बटण दाबलं. दोन आणि एक.

"चोरटं आहे हे," तो म्हणाला.

"त्याला बोटं नाहीत, काका."

थ्रासोसने मान वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. तिने खेळ त्याच्या हातून घेतला. तिला कुठलंही दान चाललं असतं. दोन्ही सोंगट्या बाहेर निघाल्या आणि पडदा रंगीत झाला. तिने कडेची कळ सरकवून आवाज पूर्ण वाढवला. एक आनंदी, उड्या मारणारी धून वाजू लागली.

"हात वर करा," ती म्हणाली, रोज सकाळी म्हणायची त्याच सुरात.

सवयीने त्याचा हात वर गेला. तिने खेळ त्याच्या काखेत सरकवला आणि हात खाली दाबला.

"घट्ट धरा. तुमची चालायची वेळ झालीच आहे. दारापर्यंत."

"जा जा," आर्गीरिसला हसू आवरत नव्हतं. "अट तुझीच होती."

थ्रासोस वॉकर धरून उभा राहिला. कोपर अंगाशी चिकटवून वॉकर उचलणं अवघड होतं, पण तो निघाला. पलंगापलंगावरून माना वळल्या. कुणीतरी धुनीवर टाळ्यांचा ठेका धरला. अर्ध्या वाटेत तो थांबला आणि गावात अनोळखी माणसाला सगळ्यात आधी विचारतात ते त्याने आत्ता विचारलं.

"कुणाची गं तू?"

एव्हान्थिया त्याची उशी सारखी करत होती. तिने वर पाहिलं नाही.

"पाडू नका," ती म्हणाली. "अजून चढ बाकी आहे."

वॉर्डाची फरशी सपाट होती. आर्गीरिसचं हसू मावळलं. थ्रासोस तिथेच उभा राहिला, कोपर दाबून, आणि काखेतली धून संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.