नवं मॉडेल येईपर्यंत

"माझा पांढरा सदरा कुठाय?" पोंक्ष्यांनी बनियनवरच कपाट उपसत बायकोला विचारलं. संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघात 'तंत्रज्ञानाची शंभर वर्षं' या विषयावर त्यांचं व्याख्यान होतं, आणि कपाटात नुसते हँगर लोंबत होते.

"बादलीत आहे, बाकीच्यांबरोबर," कुमुदताई म्हणाल्या. "माझे तेवढे मी शेजारच्यांच्या मशीनमध्ये धुऊन आणले."

"आणि माझे?"

"तुमचे नव्या मॉडेलसाठी ठेवलेत. येतंय म्हणाला होतात ना?"

वॉशिंग मशीन घ्यायचं लग्न झाल्या झाल्याच ठरलं होतं. पण साधं घ्यावं तर ऑटोमॅटिक येऊ घातलेलं, ते घ्यावं तर पुढून दार उघडणारं, आणि आता तर कपड्यांचं वजन स्वतःच करून मोबाइलवर कळवणारं. रोज पेपरात वाचून पोंक्ष्यांना सगळं ठाऊक असायचं. घाईघाईत घेऊन फसणाऱ्यांतले ते नव्हतेच. तोवर कुमुदताईंची मनगटं मात्र कामातून गेली होती.

शेवटी पायजमा वर सारून व्याख्याते मोरीत बसले आणि कॉलरला साबण घासू लागले. कुमुदताईंनी दारात खुर्ची ओढली आणि निवांत त्यांचाच पेपर उघडला.

"अहो, ऐकलंत का? पुढच्या वर्षी कपड्यांच्या घड्याही घालणारं मशीन येतंय म्हणे. थांबू या?"

पोंक्षे कॉलर पिळू लागले. मग मान वर न करता म्हणाले, "ते चौकातलं मशीनचं दुकान किती वाजता उघडतं गं?"