टपावरची पाटी

सिग्नल सुटला आणि माझ्याकडून गाडी बंद पडली. मागचा जीपवाला हॉर्न वाजवून थकला, मग उतरून आला. टपावरच्या ‘भालचंद्र मोटार ट्रेनिंग’च्या पाटीवर हात आपटत शिव्या देऊ लागला.

मी दरवाजा उघडणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या, गाडी शिकवणाऱ्या ताईंनी माझं मनगट धरलं.

“काच वर कर. त्याच्याकडे बघू नकोस.”

त्यांनी आतूनच त्याला हात जोडले. तो काचेवर थुंकला आणि निघून गेला.

“एवढ्या शिव्या खाऊन वर हात जोडायचे?” मी चिडून विचारलं.

ताईंचा पाय अजून त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर होता.

“पाटीवर नाव आहे ना, ते माझे मिस्टर,” त्या म्हणाल्या. “ते असेच एकदा भांडायला उतरले होते.”