मार्चचा पायगुण

सत्काराची शाल अजून वैराळे साहेबांच्या खांद्यावरच होती. पालिकेच्या करवसुलीच्या खुर्चीत ते आजच, एक एप्रिलला बसले, आणि संगणकावरच्या अहवालात नव्या वर्षाची निम्मी घरपट्टी आधीच जमा! "पायगुण म्हणतात तो हा," आयुक्त म्हणाले होते.

अहवालाचा प्रोग्राम लिहिणाऱ्या मंजिरीनं तो आकडा पाहून पावत्या तपासल्या. साहेब एकटे सापडताच तिनं सांगून टाकलं. "सर, चूक माझी आहे. पावतीच्या तारखेवरून आर्थिक वर्ष काढताना मी नुसतं साल धरलं. त्यामुळे जानेवारी ते मार्चची वसुली नव्या वर्षात गेली. ती तुमच्या आधीच्या धायगुडे साहेबांची आहे."

थकबाकीदारांच्या दारात बँड वाजवून धायगुडे साहेबांनी ती गोळा केली होती. अहवालात त्यातला रुपयाही दिसला नाही, म्हणून त्यांची रवानगी कोंडवाड्यावर झाली होती.

"राहू द्या," वैराळे साहेब म्हणाले आणि डिसेंबरपर्यंत निर्धास्त राहिले. जानेवारीत आकडा कमी पडतोय म्हटल्यावर बँड पुन्हा निघाला, पैसेही आले, पण आकडा जागचा हलेना. दुरुस्ती करा म्हणावं, तर शाल परत करायची वेळ आली असती.

मार्चअखेर वैराळे साहेब कोंडवाड्यावर गेले आणि धायगुडे साहेब परत आले. पहिल्याच सकाळी निम्मी घरपट्टी जमा! आयुक्तांनी पुन्हा शाल मागवली.

सत्कार उरकल्यावर मंजिरीनं धायगुडे साहेबांनाही सगळं खरं सांगितलं. "तुमच्यावर फार अन्याय झाला, सर. आजच दुरुस्त करते."

धायगुडे साहेबांनी खांद्यावरची शाल सारखी केली.

"राहू द्या."