फकिरा वाकणार का?

“मी यीन, पण वाकणार नाय,” फकिरानं सांगून टाकलं.

समोर बसलेले भन्ते हसले. लेणीच्या डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा विहार. उद्यापासून तिथं दहा दिवसांचं प्रव्रज्येचं शिबिर लागणार होतं. डोकं भादरायचं, चीवर अंगावर घ्यायचं, बारानंतर जेवायचं नाही, पहाटे उठून ध्यानाला बसायचं. आणि दीक्षा झाली की घरच्यांनी पुढं होऊन पंचांग प्रणाम करायचा. गुडघे, हात, कपाळ, सगळं जमिनीला. तिथं वय, नातं काही बघत नाहीत. फकिराचं घोडं अडलं होतं ते इथंच.

“माणसापुढं कुठं वाकायचंय, काका? चीवरापुढं वाकायचं.”

“चीवरात माणूसच असतंय ना? ते पण आमच्याच घरचं. ज्याला जन्मभर पाणी आण म्हणून सांगितलं, त्याच्या पायाशी कपाळ टेकू व्हय?”

“तेच तर बघायचंय,” भन्ते म्हणाले.

फकिराचा ताठा उगाच नव्हता. फुलंब्रीच्या शिवारात त्याचा बाप जन्मभर दुसऱ्यांच्या दारात वाकून उभा राहिला. इतका, की तिरडीवरसुद्धा त्याची पाठ सरळ झाली नाही. त्या दिवशी फकिरानं ठरवलं, वाकायचं ते बुद्धाच्या मूर्तीपुढं आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढं. बास. एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त होईपर्यंत साहेबालासुद्धा त्यानं ताठ मानेनंच जय भीम घातला. फकिरा मोडेल पण वाकणार नाही, असं लोक म्हणायचे. लोक वैतागून म्हणायचे, हा ऐकून खूश व्हायचा.

मुलगा संघपाल कंपनीत होता. दर रविवारी तो विहाराच्या वर्गाला जाई. शिफ्ट संपवून आलेली पोरं तिथं डोळे मिटून बसत. मोबाईल दारातल्या टोपलीत. “मोबाईल टोपलीत राहिला, आता राग ठेवायला टोपली शोधा,” असं भन्ते म्हणत. सोबत म्हणून आवडाबाईही लेकाच्या मोटारसायकलवर मागं बसून जायची. चीवर घ्यायची गोष्ट घरात आली ती तिथूनच.

चीवराला घरच्यांची परवानगी लागते. जेवताना विषय निघाला तेव्हा संघपाल खाली मान घालून भाकरी मोडत बसला. बोलली आवडाबाईच.

“अवं, हो म्हणा. दहा दिवस तर हायेत. आजवर तुमच्याकडं काय मागितलं मी?”

“हो म्हणतो. पण मला वाकायला सांगू नका.”

“नका वाकू. पण या. सगळ्यांची माणसं येतील, आपलंच कुणी नसलं तर लई वाईट दिसंल.”

सून मेघानं गुलमंडीत चार दुकानं हिंडून चीवराचं कापड आणलं. आदल्या दिवशी संघपाल छावणीतल्या न्हाव्याकडून डोकं सफाचट करून आला. केसांपायी अर्धा अर्धा तास आरसा न सोडणारं पोरगं! आवडाबाईनं त्याच्या टकलावरून हात फिरवला, खुदकन हसली, मग पदर तोंडाला लावला.

“आता घरात कुणी लाजायचं नाय,” संघपाल म्हणाला.

संध्याकाळी ती गल्लीतल्या बायकांबरोबर विहारात मुक्कामाला गेली.

सकाळी फकिरा पांढराशुभ्र सदरा घालून संघपालच्या मागं बसला. भिक्षापात्राची पिशवी मांडीवर. विहारात अर्धी गल्ली लोटली होती. दीक्षा बघायला थोडे आणि फकिराला बघायला जास्त.

“काय ड्रायव्हर, आज वळण घेणार का सरळच काढणार?” त्याचा जुना कंडक्टर रामहरी म्हणाला.

“गप बस.”

संघपाल पिशवी घेऊन गर्दीतून पुढं निघून गेला.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. पडद्याआडून चीवरधाऱ्यांची रांग आली. सारखी डोकी, सारखा रंग, नजरा खाली. “घरच्यांनी पुढं यावं,” भन्ते म्हणाले.

फकिरा उठला तो नुसतं उभं राहायचं म्हणून. पण समोर बघितलं आणि पाय थबकले. रांगेच्या टोकाला, चीवरात, त्याच्या घरचं माणूस उभं होतं. पाठ सरळ, ओळंब्यासारखी. आणि भरलेलं सभागृह त्याच्यापुढं हात जोडून. फकिराला बापाची पाठ आठवली. आपल्या खानदानात कुणापुढं कधी एवढे हात जुळले होते? त्याची छाती अभिमानानं भरून आली. बाप वाकायचा तो भीतीनं. इथं भीती कुठं होती?

फकिरानं गुडघे टेकले. मागं रामहरीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. शेजारी आणखी एक टकलं डोकं जमिनीला टेकलं. संघपाल होता, पँट-शर्टात.

फकिरानं कपाळ खाली नेलं. समोर भेगाळलेली दोन अनवाणी पावलं होती आणि त्यांच्या बोटांवर पांढरे वळ होते. चाळीस वर्षांपूर्वी मांडवात त्यानंच आवडाबाईच्या पायात घातलेली जोडवी कालच उतरली होती.